नीट ऐकावे

३ फेब्रुवारी, मंगळवार

निवृत्तीला पाच महिने राहिले, म्हणून साहेब म्हणाले, "तुमच्या डोक्यात जे आहे ते कागदावर उतरवून ठेवा." कार्यालयासाठी वेगळी वही केली आहे. ही माझी. डोक्यातलं सगळंच काही कार्यालयाला देता येत नाही.

माझ्या जागी येणारी बाई आज हजर झाली. पस्तिशीची असेल. आधीच्या नोकरीत वेबपानांच्या चाचण्या करायची, म्हणून जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिचं नाव चाचणीबाई पडलंसुद्धा. कमी बोलते, आणि बोलते तेव्हा प्रश्नच विचारते.

सगळ्यात आधी मी तिला भरती परीक्षेचं पान दाखवलं. का नाही दाखवणार? टेलिफोन ऑपरेटरची आमची परीक्षा एकोणीस वर्षं त्याच पानावर होते. दरवर्षी प्रश्न बदलतात, पान तेच. सुरुवातीला एक सोडवून दाखवलेला नमुना, मग चाळीस प्रश्न. डोळस उमेदवार पान वाचतात. अंध उमेदवार हेडफोन लावतात आणि स्क्रीन रीडर त्यांना ते वाचून दाखवतो. पान दिसावं कसं हे स्टाइलशीटमध्ये लिहायचं असतं, एवढं कुणालाही ठाऊक आहे. ते ऐकू यावं कसं, हेही मी लिहिलं होतं. नमुना बाईच्या हळू आवाजात, डावीकडून. प्रश्न पुरुषाच्या आवाजात, समोरून. पर्याय उजवीकडून, प्रत्येकानंतर क्षणभर थांबून. एकशे बारा ओळी आहेत नुसत्या आवाजाच्या. त्या काळी असलं कुणी केलं नव्हतं. त्याच पानावर मी नोकरीत कायम झाले.

"आवाजच सांगतो ना, काय चाललंय ते," मी तिला म्हटलं. "म्हणून 'नमुना', 'प्रश्न' असले शब्द मी काढूनच टाकले. डोळसांसाठी नमुन्यावर 'नमुना' लिहिलेल्या पाटीचं चित्र आहे, अंधांसाठी आवाज आहे."

"हे कुठल्या ब्राउझरमध्ये चालतं?"

"सगळ्या," मी म्हटलं.

तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं. मला ते आवडलं नाही.

मग तिला दादाची गोष्ट सांगितली, ती मी सगळ्यांनाच सांगते. माझा थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा. सदतिसाव्या वर्षी डोळे गेले. चाळिसाव्या वर्षी आमच्याच परीक्षेला बसला. वयाची अट चाळीसच, म्हणजे पहिली संधी आणि शेवटचीही. मी खोटे प्रश्न भरून पान आधी घरी नेऊन त्याला ऐकवलं होतं, त्याला फार आवडलं होतं. इतकं ताटात वाढून दिलं, तरी पठ्ठ्याला चाळिसात नऊ मार्क. आमच्याकडे अजूनही कुणी दुधाचं पातेलं गॅसवर विसरलं की "नऊ मार्क" म्हणतात. या गोष्टीला सगळे हसतात. चाचणीबाई हसली नाही. बहुधा स्वभावच तसा असावा.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तिने आज स्वतःचे हेडफोन आणले. "एकदा तुम्ही ऐका," म्हणाली. "पडदा बंद ठेवू या. उत्तरंही द्या."

मी ऐटीत कानाला लावले.

एकच आवाज. दोन्ही कानांत सारखा, न थांबता, एखादा कंटाळलेला माणूस यादी वाचतो तसा. ना डावं, ना उजवं, ना बाई, ना पुरुष. एक प्रश्न आला, चार पर्याय आले, मी 'ब' टाइप करून पुढे गेले. पुढचा आला, मी 'ड' दिलं. चार प्रश्न झाल्यावर तिने पडदा चालू केला. माझं पहिलं उत्तर नमुन्याला दिलेलं होतं. प्रश्नांचे आकडे स्टाइलशीट चितारते, ते वाचले गेले नाहीत. नमुन्याच्या बरोबर उत्तराभोवतीचं वर्तुळ म्हणजे चित्र, तेही वाचलं गेलं नाही. नमुना हा नमुना आहे हे सांगणारं पानावर काहीच नव्हतं. मीच काढून टाकलं होतं.

अंध उमेदवारांचा उत्तरांचा फॉर्म म्हणजे चाळीस ओळी, एका ओळीत एक अक्षर. पहिली ओळ नमुन्याने खाल्ली की पुढची सगळी उत्तरं एकेक घर खाली घसरतात. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यापुढे, दुसऱ्याचं तिसऱ्यापुढे.

"तुमचा स्क्रीन रीडर जुना असेल," मी म्हटलं.

"मागच्या महिन्यातला आहे," ती म्हणाली. चढ्या आवाजात म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

आज रजा टाकून घरी पाच ब्राउझरवर ऐकलं. मग जुन्या संगणकावर, त्या काळातले ब्राउझर शोधून बसवून ऐकलं. सगळीकडे तोच एक आवाज.

मग जे एकोणीस वर्षांपूर्वी वाचायला हवं होतं ते वाचलं. आवाजाचे ते नियम खरे होते. वेबपानांच्या छापील मानकात, म्हणजे नियमपुस्तकात, त्यांचं आख्खं प्रकरण होतं, माझ्याकडे त्याच्या प्रती अजून आहेत, खुणा केलेल्या. पण लोक वापरतात त्यातल्या एकाही ब्राउझरने ते कधी अमलात आणलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. त्याच मानकात अक्षरांना सावली द्यायचा नियम होता. तो एकदा वगळला, मग बऱ्याच वर्षांनी आला. आवाजाची दिशा काही आली नाही. आणि ब्राउझरची रीत अशी, की न कळलेली ओळ तो गुपचूप ओलांडून पुढे जातो. चूक दाखवत नाही, कुरकुर करत नाही.

मी तपासलं नव्हतं का? तपासलं होतं. नियम बरोबर लिहिलेत की नाही हे तपासणारं एक यंत्र असतं, त्यात पान घातलं आणि हिरवी खूण आली. ते यंत्र फक्त व्याकरण बघतं. पत्र शुद्ध लिहिलंय एवढं ते सांगतं, पत्र कुणी उघडलं का हे सांगत नाही. मी हिरव्या खुणेवर खूश झाले आणि हेडफोन कधी कानाला लावलेच नाहीत. या धंद्यात नव्याने आलेल्या पोरीसुद्धा असं करत नाहीत. आणि मी दरवर्षी नव्या लोकांना हेच पान आदर्श म्हणून शिकवलं.

लाज वाटते.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन दुरुस्ती केली. नमुन्याच्या आधी 'नमुना, याचं उत्तर देऊ नका' असं लिहिलं. प्रत्येक प्रश्नाआधी 'प्रश्न' शब्द आणि आकडा घातला. वीस मिनिटं लागली. मग त्या एकशे बारा ओळी काढल्या. पान उघडलं, ऐकलं. त्या ओळी गेल्याने कशातही काडीचा फरक पडला नव्हता.

परीक्षा आठ मार्चला. यंदाचं तरी निभावलं, या विचाराने जरा हलकं वाटलं. झाकली मूठ. चाचणीबाई आली तेव्हा मी म्हटलं, "किरकोळ दुरुस्ती होती, केली."

तिने ऐकून पाहिलं, मान डोलावली, आणि मग म्हणाली, "आधीच्यांचं काय करायचं?"

"कुठले आधीचे?" मी विचारलं. मला पक्कं ठाऊक होतं कुठले ते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एकोणीस वर्षांत अंध उमेदवार एकसष्ट. पास चार. आमच्या कार्यालयात यावर एक मत कायम झालेलं आहे, की त्यांना संधी देतो हेच खूप. हे मत मीही चहा पिताना मांडलेलं आहे.

तक्रारींची फाइल काढली. अकरा तक्रारी आहेत. कुणी दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या, कुणी टाइप केलेल्या. सगळ्यांचा सूर एकच: 'प्रश्न एकेचाळीस ऐकू आले. ओळी चाळीसच होत्या. शेवटच्या प्रश्नाला जागा उरली नाही.' एकाने फार अदबीने लिहिलंय, 'माझीच मोजण्यात चूक झाली असल्यास क्षमस्व.'

प्रत्येक तक्रारीच्या कोपऱ्यात निळ्या शाईचा शेरा आहे. 'प्रश्न चाळीसच आहेत. नीट ऐकावे.' खाली माझी सही. शेवटच्या तीन-चार तक्रारींवर तर मी पूर्ण वाक्यही लिहिलेलं नाही, नुसतंच 'नीट ऐकावे'. अक्षर मात्र सुरेख आहे.

धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, ते नुसतं बोलायचं नसतं हे आज कळलं. चाचणीबाई समोरच्या टेबलावर होती. मी फाइल मिटून तिच्यावर हात ठेवून बसले. तिने विचारलं, "चहा सांगू का?" मी नको म्हटलं, तरी तिने सांगितला.

१५ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे गेले होते. सांगायचंच असं ठरवून गेले आणि न सांगता परत आले.

मी दार वाजवायच्या आधीच आतून आवाज, "आल्या मास्तरीणबाई." सगळ्यांच्या चुका काढते म्हणून लहानपणापासून मी त्याची मास्तरीण. जिन्यावरच्या पावलांवरून ओळखतो. वहिनी शिवणाच्या मशीनवर होत्या, दादा नेहमीसारखा बाजूला बसून हुका-बटणं लावत होता. वीस वर्षं होत आली, हेच काम करतो.

"सुई बोथट झालीय गं," तो मध्येच वहिनींना म्हणाला. "पण तूच बघ. माझ्या कानांचं काही खरं नाही."

वहिनींनी सुई काढून नखावर घासून पाहिली. बोथटच होती. "रोज बरोबर सांगतात आणि रोज वर हे शेपूट," त्या मला म्हणाल्या. "घरातला फोनसुद्धा उचलत नाहीत. ऐकण्यात घोटाळा होतो म्हणे. परीक्षेच्या त्या वर्षी कानाच्या डॉक्टरकडे दोनदा गेले होते. तो म्हणाला, कान ठणठणीत आहेत. यांना पटेल तर शपथ."

"संशयाला औषध नसतं, वहिनी," मी म्हटलं. दादा हसला.

माझं लक्ष त्या बोलण्यात नव्हतंच. कुठून सुरुवात करावी हे मी मनात जुळवत होते. सदऱ्याची सगळी बटणं लावून झाली तरी जुळलं नाही. निघताना दादाने विचारलं, "बरी आहेस ना? आवाज बसल्यासारखा वाटतोय." मी म्हटलं, सर्दी झालीय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

जुनी उत्तरं संगणकात पडून होती. आमच्याकडे काही पुसायची पद्धत नाही, कारण पुसायला सही लागते.

आधी एका अनोळखी उमेदवाराची यादी घेतली. सात मार्क. पहिलं अक्षर काढून टाकलं आणि बाकीची सगळी एक घर वर सरकवली. एकतीस झाले. पासाला चोवीस लागतात. दुसऱ्याची घेतली. अकराचे तेहतीस. तिसरा खरंच नापास होता, त्याच्यावर मला उगाचच माया आली.

मग दादाची. तासभर दुसरीच कामं केली आणि मग उघडली. नऊ मार्क. पहिलं अक्षर काढलं, सरकवलं.

सदतीस.

चाळिसावा प्रश्न तर त्याला लिहायलाच मिळाला नव्हता. म्हणजे एकोणचाळीसपैकी सदतीस. त्या वर्षी पहिला आला त्याला चौतीस होते. मी हे तीनदा मोजलं, मग चाचणीबाईला मोजायला लावलं. तिने मोजून आकडा सांगितला आणि विचारलं, "हे कोण?"

"नऊ मार्क," मी म्हटलं. तिला लगेच कळलं. ती माझ्या खुर्चीजवळ बराच वेळ उभी राहिली.

आजवर मी ती गोष्ट किती जणांना हसत हसत सांगितली असेल, त्याचा हिशेब करवत नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना सांगितलं. आमच्या साहेबांना आम्ही पाठीमागे 'पाहू या' म्हणतो, कारण कुठल्याही गोष्टीवर त्यांचं उत्तर तेच. आज मात्र ते पाहू या म्हणाले नाहीत. म्हणाले, "आता कशाला उकरून काढता? पाच महिने राहिलेत तुमचे."

खरं लिहायचं तर मला बरं वाटलं. पाच मिनिटं मी अगदी त्यांच्या बाजूची होते. मग चाचणीबाई आत आली आणि टेबलावर यादी ठेवली. तिने कालपासून सगळ्या एकसष्ट याद्या सरकवल्या होत्या. चार पास होतेच. उरलेल्यांतले अडतीस जण पास होत होते.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पत्र पाठवू," म्हणाले. "सगळ्यांना. सुधारलेले मार्क, पास असल्याचा दाखला. नोकऱ्या मात्र देता येणार नाहीत, बहुतेकांची वयं उलटली."

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, "तू नसतीस तर मी गप्प बसले असते."

"माहीत आहे," ती म्हणाली.

२२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

या वेळी काही जुळवलं नाही. बसले आणि सुरू केलं. आवाजाचे नियम, ब्राउझर, नमुना, घसरलेली ओळ. दादा बटण लावत राहिला. वहिनींची मशीन चालूच होती. शेवटी म्हटलं, "दादा, तुला सदतीस होते."

त्याने सुई गादीला टोचून ठेवली.

"म्हणजे एकच आवाज येत होता?"

"हो."

"डावीकडून, उजवीकडून, काही नाही?"

"नाही."

"मलाच नाही, की कुणालाच नाही?"

"कुणालाच. कधीच नाही."

"मी तुला सांगितलं होतं," दादा म्हणाला.

"काय?"

"तू पान घेऊन आलीस त्या दिवशी. मी म्हटलं, एकच आवाज येतोय गं. तू म्हणालीस, हिरवी खूण आलीय, नीट ऐक. मी परत ऐकलं आणि परत तेच म्हटलं. तू म्हणालीस, दादा, डोळे गेले म्हणून कान आपोआप तयार होत नाहीत, त्यांना वळण लावावं लागतं. मग तिसऱ्यांदा मी म्हटलं, हो, येतोय. छान येतोय."

मशीन थांबली होती.

"परीक्षेतही मी पहिल्यापासून शोधत होतो," तो म्हणाला. "बाईचा आवाज कुठला, पुरुषाचा कुठला. सगळ्यांना कळत असणार, मलाच कळत नाही, असं धरून चाललो होतो. ऑपरेटरचं काम कानांचं. ज्याला एवढं कळत नाही त्याने जाऊच नये तिथे, असं मीच माझ्याशी ठरवलं."

मग तो वहिनींकडे वळला. मला वाटलं त्यांना काही मागतोय. "ऐकलंस का," तो त्यांना म्हणाला, "माझे कान ठीक होते." वहिनींनी तोंडाला पदर लावला.

मी काहीतरी म्हणायला लागले. तो म्हणाला, "तू आता जा."

बसथांब्यापर्यंत चालत आले आणि तीन बस सोडल्या. तो दिवस मला आठवला, असं लिहायला घेतलं होतं, पण तेही खोटं होईल. मी विसरले कधी होते? त्याने दोनदा नाही म्हटलेलं आणि माझं ते कानांना वळण लावायचं भाषण, सगळं जागच्या जागी होतं. वर मी 'त्याला फार आवडलं होतं' ही चिठ्ठी डकवली होती, इतकंच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्राचा मसुदा झाला. साहेबांनी 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहिलं होतं. मी हटून बसले, की 'ऐकण्यात आपली कोणतीही चूक नव्हती' हे वाक्य आलंच पाहिजे. दोन दिवस वाद घातला. शेवटी साहेब म्हणाले, घाला. चाचणीबाईने सगळी पत्रं ऐकायला सोयीची व्हावीत म्हणून सोबत ध्वनिमुद्रणही करायचं ठरवलं, तिच्या आवाजात.

दादाचं पत्रही त्याच मसुद्यातलं. जन्मभर ज्याला 'तू' म्हटलं त्याला 'आपण' लिहिताना कसंसंच झालं. वाक्यं मात्र नीटनेटकी आहेत. 'सदर पानाच्या रचनेत त्रुटी राहून गेली.' 'कार्यालयास याचा खेद आहे.'

पत्रावर सही साहेबांची. माझं नाव कुठे नाही. साहेब म्हणाले, व्यक्तीचं नाव घालायची पद्धत नाही. यावर मी वाद घातला नाही.

३ मार्च, मंगळवार

पत्रं गेली. सात जणांचे पत्ते सापडले नाहीत, दोघं हयात नाहीत असं कळलं. त्यांच्या घरच्यांच्या नावे पाठवली.

दादाकडून काही नाही. वहिनी फोनवर म्हणाल्या, "जेवतात, झोपतात. बोलत नाहीत." मग म्हणाल्या, "तुमचं नाव काढत नाहीत."

८ मार्च, रविवार

परीक्षा झाली. अंध उमेदवार नऊ होते. मी दाराशी उभी होते. बाहेर पडताना एका मुलीने पर्यवेक्षकाला सहज सांगितलं, "पान अगदी सोपं होतं हो, चुकायला जागाच नाही." कुणी माझं कौतुक केल्यासारखं मला वाटावं अशी वेळ नव्हती, आणि वाटलंही नाही.

१० मार्च, मंगळवार

सकाळी अकराच्या सुमारास चौकशीच्या खिडकीवरची मुलगी मला बोलवायला आली. "एक गृहस्थ पत्र घेऊन आलेत. ज्यांनी लिहिलं त्यांनाच भेटायचं म्हणतात."

दादा होता. इस्त्रीचा सदरा, हातात आमचं पाकीट, शेजारी वहिनी. रांगेतून आला होता, त्याच्या मागे आणखी पाच-सहा जण उभे होते. मी खिडकीशी गेले आणि म्हटलं, "दादा, आत ये ना."

"इथेच ठीक आहे," तो म्हणाला. "हे पत्र मला मिळालं. हे कुणी लिहिलंय, विचारायचं होतं."

"कार्यालयाने."

"इथे म्हटलंय, त्रुटी राहून गेली. कुणाकडून राहून गेली ते दिलेलं नाही."

"दादा, तशी पद्धत आहे."

"कार्यालयाने मला नीट ऐक म्हटलं नव्हतं, बाई," तो म्हणाला. आवाज जरासुद्धा चढलेला नव्हता. "ज्याने म्हटलं त्याच्या हातचं लिहून द्या. मी थांबतो."

मागचे लोक ऐकत होते. खिडकीवरच्या मुलीने काही न विचारता मला कागद आणि पेन दिलं. मी तिथेच, त्या अरुंद फळीवर उभ्याने लिहिलं. पाच ओळी लिहायला किती वेळ लागला सांगता येणार नाही. लिहून झाल्यावर कागद त्याच्यापुढे सरकवला.

"वाचा," दादा म्हणाला. "मला दिसत नाही."

मी वाचलं. "हे पान मी लिहिलं. ते मी कधीच कानाने तपासलं नाही. एकच आवाज येतो, असं आपण मला दोनदा सांगितलं होतं. आपण बरोबर होता." रांगेतला एक माणूस भिंतीवरची सूचना वाचायला लागला. "मी आपलं ऐकलं नाही."

"शेवटचं पुन्हा."

"मी आपलं ऐकलं नाही."

त्याने हात पुढे केला. मी कागद हातात दिल्यावर त्याने चार घड्या घालून तो खिशात ठेवला. "बाकीच्यांनाही हेच पाठवा," तो म्हणाला. "त्यांच्यापैकी कुणी कुणी लिहून कळवलं असेल."

"अकरा जणांनी," मी म्हटलं.

"मग त्यांना तर पाठवाच." एवढं बोलून त्याने वहिनींचा दंड धरला आणि रांगेतून बाजूला झाला. तो कुठूनही निघताना 'येतो' म्हणतो, दुकानातून निघतानासुद्धा. आज म्हणाला नाही.

मी जागेवर येऊन तक्रारींची फाइल काढली. माझ्या अकरा शेऱ्यांच्या अकरा माणसांना आधी लिहायचं ठरवलं. साहेब दारातून बघून गेले. संध्याकाळपर्यंत चार झाली. चारही आधी चाचणीबाईला मोठ्याने वाचून दाखवली, आणि मगच पाकिटात घातली.